रोह्याचा माणूस आणि राष्ट्रपतीची निवड

(पेण व रोहे येथील सभांत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा पेणेतल्या एका मूर्तिकार स्नेह्याने आम्हांस भर रस्त्यात अडविले. म्हणाला, "राष्ट्रपती निवडताना आम्हांला कोण विचारतो? मते द्यायची ती आमदार-खासदारांनी. मग हे व्याख्यान आम्हांपुढे कशाला? त्यांच्यापुढे जाऊन द्या." प्रश्न रास्त आहे. त्याचा जबाब दिल्यावाचून पुढे जाणे म्हणजे उंबरठा न ओलांडता ओटीवर बसण्यासारखे होईल, म्हणून आधी तेवढे उरकतो.

राष्ट्रपतीच्या निवडणुकीत इथला शेतकरी, आगरी, कोळी, कातकरी किंवा धाटावच्या कारखान्यातला कामगार यांपैकी कोणीही चिठ्ठी टाकीत नाही, हे खरे. घटना समितीत प्रो. के. टी. शहा यांनी सर्व प्रौढ मतदारांनी राष्ट्रपती निवडावा अशी सूचना आणली होती. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. एवढ्या अफाट मतदारांची निवडणूक चालवावयास यंत्रणा कोठून आणावयाची, आणि ज्याच्या हाती स्वतःची म्हणून सत्ता नाही त्याच्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असा त्यांचा सवाल होता. आम्हांस तो पटतो. परंतु आमदाराच्या मताला किंमत येते ती कोठून, हे पाहा. राज्याची १९७१ च्या खानेसुमारीची लोकसंख्या आमदारांच्या संख्येने भागावयाची, पुन्हा हजाराने भागावयाची. जे उत्तर येईल ती एका आमदाराच्या मताची किंमत. २०२२ च्या निवडणुकीत महाराष्ट्राच्या आमदाराची ही किंमत १७५ होती, उत्तर प्रदेशाच्या आमदाराची २०८, आणि सिक्कीमच्या आमदाराची अवघी ७. खासदाराची ७०० होती. तेव्हा आमदार जी चिठ्ठी टाकतो तिच्यावरचा १७५ हा आकडा त्याच्या शहाणपणाचा नव्हे, तुमच्या डोक्यांचा आहे. १९७१ साली रोह्यात पाळण्यात असलेले पोरही त्यात धरलेले आहे. (त्यानंतर जन्मास आलेल्यांनी रुसू नये, ती व्यवस्था घटनेतच करून ठेवलेली आहे.)

आता दुसरी गोष्ट. या निवडणुकीत कोणत्याही पक्षाला आपल्या सभासदांवर आदेश बजावता येत नाही, आणि मत गुप्त असते. म्हणजे तुमच्या प्रतिनिधीला पक्षाचा लगाम नाही, आणि तुमचा तर नाहीच नाही. ज्या घोड्याला कोणाचाच लगाम नाही तो कोणाच्या शेतात शिरेल हे सांगता येत नाही. सबब तो घोडा बाहेर सोडण्यापूर्वीच, म्हणजे त्याला विधानसभेस अथवा लोकसभेस मत देतेवेळीच, त्याचा कल विचारून घेणे आपल्याला भाग आहे. आणि तो विचारावयाचा तर आधी आपल्या मनाशी आपले मत ठरलेले पाहिजे. आमचा विषय इतकाच आहे.

नुसते कायद्याचे कलम सांगत बसलो तर तुम्ही जांभया द्याल, आणि ते योग्यच होईल. पण हा प्रश्न रोह्यापुढे एकदा प्रत्यक्ष येऊन उभा राहिलेला आहे. रोह्याचा माणूस राष्ट्रपतीपदाला उभा होता. आज तरुण मंडळींना विचारावे तर रोह्याच्या महाविद्यालयावर त्यांचे नाव आहे एवढे ठाऊक असते, आणि ते रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर होते एवढे शाळेत पाठ केलेले असते. राष्ट्रपतीपदाची गोष्ट बहुतेकांस माहीत नसते. ती सांगतो.

चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, महाड तालुक्यात रायगडाच्या पायथ्याजवळच्या नाते गावचा. याच्या चारच महिने आधी, ११ सप्टेंबर १८९५ रोजी, पेण तालुक्यातल्या गागोद्यास विनोबा जन्मले. एका जिल्ह्याने एका हंगामात दोन माणसे दिली, एक सरकारी तिजोरीपाशी गेला आणि दुसरा झोळी घेऊन जमीन मागत हिंडला. असो. देशमुखांचे वडील रोह्यास वकिली करीत, आणि त्यांचे बालपण याच भागात गेले. १९१२ च्या मॅट्रिकला पहिला नंबर, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, पुढे केंब्रिज, आणि १९१८ साली आय. सी. एस. च्या परीक्षेतही पहिला नंबर. १९४३ ते १९४९ रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, १९५० पासून देशाचे अर्थमंत्री. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाबा जिल्ह्याने (आपला जिल्हा १९८१ पर्यंत याच नावाने ओळखला जाई) त्यांना काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेत पाठविले. म्हणजे ते नुसते आमच्या गावचे नव्हते, आमचे निवडलेले प्रतिनिधीही होते.

आणि त्या प्रतिनिधित्वाचे ऋण त्यांनी फेडले. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचे घाटले, तेव्हा १९५६ साली त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. मंत्रिमंडळात नीट विचार न होता निर्णय झाला असा त्यांचा आक्षेप होता, आणि मुंबईत पोलिसांनी झाडलेल्या गोळ्यांची चौकशी व्हावी अशी त्यांची मागणी होती. त्या लढ्यात शंभरावर माणसे मेली. दिल्लीत खुर्चीला चिकटून बसलेली मराठी माणसे तेव्हा थोडी नव्हती. सगळ्यांत मोठी खुर्ची या माणसाने सोडली. त्या दिवसापासून कुलाब्याच्या माणसाला त्यांच्याबद्दल जे वाटू लागले ते आम्ही शब्दांत सांगू शकत नाही, आणि ते वाटणे खोटे होते असे म्हणणाराच्या आम्ही तोंडावर नाही म्हणू.

आता १९६९ साल. ३ मे रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन वारले. जुलैत बंगलोरास काँग्रेसची मंडळी बसली. इंदिरा गांधींनी जगजीवनराम यांचे नाव पुढे केले. एक अस्पृश्य मानलेल्या घरचा माणूस राष्ट्रपती व्हावयाची ती पहिली संधी होती. संसदीय मंडळाने बहुमताने संजीव रेड्डींना पसंत केले, आणि आमचे यशवंतरावही त्या बहुमतात होते, हे लपविण्यात अर्थ नाही. १९ जुलैला इंदिराबाईंनी चौदा बँका सरकारच्या मालकीच्या केल्या. २० जुलैला वराहगिरी वेंकट गिरी या रेल्वे कामगारांच्या जुन्या पुढाऱ्याने स्वतंत्र उमेदवार म्हणून दंड थोपटले. स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांनी तिसरा उमेदवार दिला, तो आमचा रोह्याचा माणूस, वय वर्षे ७३.

सांगा, तुमच्या आमदाराने कोणास मत द्यावयास हवे होते?

आमच्याकडे सोयरीक जुळविताना मुलगा पाहतात आणि घरही पाहतात. मुलगा लाखात एक, पण ज्या घरात मुलगी नांदावयाची त्या घराची रीत वेगळी, असे असले म्हणजे जाणती माणसे थबकतात. देशमुखांच्या बाबतीत मुलग्यात खोट काढावयास जागा नव्हती. घर कोणते होते? स्वतंत्र पक्ष हा जमीनधारणेवरील मर्यादा, सरकारी मालकीचे उद्योग आणि बँकांचे राष्ट्रीयीकरण यांच्या विरुद्ध उभा असलेला पक्ष. संस्थानिकांचे तनखे चालू राहावेत या मताचा. इकडे आपला जिल्हा कोणता? कुळांचा जिल्हा. खोतीविरुद्ध संप करून उपाशी राहिलेला जिल्हा. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, १ एप्रिल १९५७ ला कसणारा कूळ कायद्याने जमिनीचा मालक ठरला, आणि त्याच १९५७ साली कुलाब्याने शेतकरी कामगार पक्षाचा खासदार दिल्लीस धाडला. अशा जिल्ह्याच्या माणसाचे राजकीय मत आणि स्वतंत्र पक्षाचे मत यांची गाठ कोठे पडते? पडत नाही.

आणि गंमत अशी, गंमत कसली, दुःखच, की हा मुलगा त्या घराचा नव्हताच. १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँक सरकारी मालकीची झाली, तेव्हा गव्हर्नर हेच. १९५५ साली इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली, तेव्हा अर्थमंत्री हेच. १९ जानेवारी १९५६ ला एका वटहुकुमाने देशातल्या साऱ्या आयुर्विमा कंपन्यांचा कारभार सरकारने हाती घेतला, तो यांच्याच कारकिर्दीत. ज्याने विमा सरकारजमा केला त्याच्या पालखीला खांदा द्यावयास बँका सरकारजमा होऊ नयेत म्हणणारे आले! त्यांनी या माणसात त्याची विद्या पाहिली, त्याची सचोटी पाहिली, इंदिरा गांधींना अडविण्याची सोय पाहिली. त्याची कृत्ये त्यांनी पाहिली होती काय, याची आम्हांस शंका आहे. ज्यांचे मत स्वतंत्र पक्षाचे होते त्यांनी आपल्या मताला धरून देशमुखांची चिठ्ठी टाकली, त्यांना आम्ही दोष देत नाही. पण त्यांचाही जोडा विजोडच होता.

आता मोजणी ऐका, कारण खरी मेख तिथे आहे. १६ ऑगस्टला मतदान झाले, २० ला मोजणी. इंदिरा गांधींनी सदसद्विवेकाला स्मरून मत द्या असे सांगून काँग्रेसच्याच उमेदवाराची बाजू सोडली होती. पहिल्या पसंतीची मते गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९. निवडून येण्यास ४,१८,१६९ हवी होती, ती कोणालाच नव्हती. तेव्हा मागे पडलेल्या उमेदवारांना एकेक करून बाद करून त्यांच्या चिठ्ठ्यांवरची पुढची पसंती मोजली. शेवटी देशमुख बाद झाले. या सगळ्या बाद झालेल्यांच्या चिठ्ठ्यांतून रेड्डींच्या पदरात ९१,८७९ पडली, आणि गिरींच्या पदरात १८,५६२. शेवटचा आकडा गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. हव्या असलेल्या मतांपेक्षा गिरींना जास्त मिळाली ती अवघी १,९०८. आपल्याकडच्या आमदारांच्या आजच्या हिशेबाने ती अकरा माणसांची मते होत!

याचा अर्थ काय झाला? ज्याने ज्याने "आपला विद्वान माणूस, पक्षातीत माणूस" म्हणून देशमुखांना पहिली पसंती दिली, त्याची चिठ्ठी शेवटी देशमुखांच्या नावावर राहिली नाही. तीत दुसऱ्या क्रमांकावर जे नाव होते त्याच्या खात्यावर ती गेली, आणि बहुतेकींवर ते रेड्डींचे होते. देशमुख हे त्या लढाईत उमेदवार नव्हते, वाट होते. त्या वाटेने मते कोणाकडे जावयाची हे वाटेला कोणी विचारले नव्हते. गावचा अभिमान म्हणून टाकलेले मत असे परगावी जाते.

त्याच निवडणुकीत आणखी एक महाराष्ट्राचा माणूस होता, त्याचे नाव कोणी घेत नाही म्हणून आम्ही घेतो. पांडुरंग नथुजी राजभोज. शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचे एके काळचे सरचिटणीस, १९५२ चे सोलापूरचे खासदार. त्यांना ८३१ मते पडली.

कोणी म्हणेल, ही पन्नास वर्षांवरची गोष्ट. बरे, अलीकडे या. १९९७ साली के. आर. नारायणन उभे होते, दलित घरचे, केरळचे, त्यांच्यापुढे टी. एन. शेषन. शिवसेनेने शेषन यांची बाजू घेतली. शेषन यांना ५०,६३१ मते पडली आणि नारायणन साडेनऊ लाखांवर गेले. २००७ साली त्याच शिवसेनेने आपली आघाडी सोडून प्रतिभाताई पाटील यांना मते दिली, कारण त्या मराठी. दहा वर्षांत मोजपट्टी बदलली, आणि दोन्ही खेपांना ज्यांनी मते दिली त्यांपैकी कोणाच्या तत्त्वाचा हा प्रश्न आहे असे त्या वेळी फारसे बोलले गेले नाही. २०१७ साली तर मौजच झाली. रामनाथ कोविंद दलित, मीरा कुमार दलित. मीरा कुमार या कोणाच्या कन्या? १९६९ साली बंगलोरास ज्यांचे नाव मागे पडले त्या जगजीवनरामांच्या. दोघांची जात मोजून झाली की हाती शून्य उरते. मग निवडावयाचे कशावरून? जातीवरून निवडणाराला त्या दिवशी नाणेफेकीखेरीज उपाय नव्हता. ज्याचे काही मत होते त्याला अडचण पडली नाही.

२०२२ साली द्रौपदी मुर्मू निवडून आल्या. रोह्याच्या आणि पेणच्या डोंगरकडेच्या वाड्यांतून आनंद झाला, तो आम्ही पाहिला आहे. वीटभट्टीवर जन्म घालविणाऱ्या कातकऱ्याला आदिवासी बाई राष्ट्रपती झाल्याचा आनंद होऊ नये, असे म्हणणारा माणूस आम्हांस माणूसच वाटत नाही. पण त्या आनंदाच्या शेजारी एक प्रश्न ठेवावा असे आमचे म्हणणे. २००६ च्या वनहक्क कायद्याचा दावा ज्याचा अडकून पडला आहे त्याने आपल्या आमदाराला विचारावे, "बाईंना मत दिलेत, ठीक, त्या कायद्याबद्दल तुमचे मत काय?" आमदाराने आमच्या माणसाला मत दिले म्हणजे आमच्या प्रश्नाला मत दिले, असे होत नाही.

इथे एक आक्षेप हमखास येतो. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो, त्याचे स्वतःचे मत काय चुलीत घालावयाचे? राष्ट्रपतीच्या हातून नांगर चालत नाही आणि तिजोरीही उघडत नाही, हे कबूल. परंतु त्याच्या सहीवाचून काही गोष्टी होत नाहीत, आणि ती सही तो कोणत्या घाईने करतो हे त्याच्या मतावर असते. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या फर्मानावर फक्रुद्दीन अली अहमद यांनी सही केली. मंत्रिमंडळापुढे ती गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. उलट नारायणन यांच्याकडे १९९७ साली उत्तर प्रदेशात आणि १९९८ साली बिहारात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस आली, ती दोन्ही वेळा त्यांनी फेरविचारासाठी परत पाठविली. दोन्ही वेळा केंद्रात सरकारे वेगवेगळ्या रंगांची होती. खुर्ची तीच, घटना तीच, सही करणारा हात निराळा.

आणि आमच्या मताच्या उमेदवाराबद्दलही गप्प बसणे बरे नव्हे. गिरी निवडून आले. १९७० साली संस्थानिकांचे तनखे रद्द करणारे विधेयक राज्यसभेत थोडक्यात पडले, तेव्हा सरकारने राष्ट्रपतीच्या हुकुमाने संस्थानिकांची मान्यताच काढून घेतली. सही गिरींची. तनखे जावेत हे आमचेही मत. पण संसदेत जे पडले ते हुकुमाने करावयाचे, ही रीत सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी बेकायदा ठरविली, आणि मग १९७१ साली घटनेत रीतसर दुरुस्ती करून तनखे गेले. तेव्हा राष्ट्रपतीचे मत आपल्याशी जुळते एवढे पाहून भागत नाही. आपल्याच मताची गोष्ट वाकड्या वाटेने आली तर तो हात आखडील काय, हेही त्याच्या मतात मोडते, आणि आमच्या मते सगळ्यांत आधी मोडते.

आता मूर्तिकार स्नेह्याकडे येतो. त्याच्या कारखान्यात मुंबईचे गिऱ्हाईक येते. आखणी झालेले डोळे पाहते, पीतांबराचा रंग पाहते, खूश होते. जाणता गिऱ्हाईक मात्र मूर्ती उचलून वजन पाहतो आणि विचारतो, शाडूची की प्लास्टरची? मखरात दोन्ही सारख्याच दिसतात. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर जाऊन पाहावे म्हणजे फरक कळतो. आमदाराला, खासदाराला हाच प्रश्न विचारावयाचा आहे, आणि तो घरी नेण्याआधी.

विचारण्याची सवय इथल्या माणसाला नाही असे कोणी म्हणू नये. २१ सप्टेंबर २००८ रोजी याच पेण तालुक्यातल्या बावीस गावांनी एका प्रश्नावर मतदान केले आहे. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली जमीन विशेष आर्थिक क्षेत्राला द्यावयाची की नाही? उमेदवार नव्हता, जात नव्हती, आपला-परका नव्हता. प्रश्न होता आणि हो किंवा नाही होते. शेतकरी रांगेत उभा राहिला आणि मत देऊन घरी गेला. ज्या तालुक्याने हे केले त्याने प्रचाराला आलेल्या माणसास ओट्यावर बसवून, पाणी देऊन, तीन गोष्टी विचाराव्यात: राष्ट्रपतीच्या निवडणुकीत तुमची पहिली पसंती कोणत्या मताच्या माणसाला? तुमच्या पक्षाने उलट सांगितले तर काय कराल? आणि दुसरी पसंती कोणाला? तिसरा प्रश्न विसरू नका. १९६९ चा निकाल त्यावर लागला आहे. मत गुप्त असल्याने दिलेला शब्द त्याने पाळला की नाही हे आपल्याला कळणार नाही, हे खरे. पण जो शब्द द्यावयासच कचरतो तो कळतो.

रोह्याच्या सभेत हे सगळे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरून एक वृद्ध गृहस्थ उठले. धावीर महाराजांच्या पालखीला अनवाणी चालणाऱ्या पिढीतले. म्हणाले, "ते सगळं ठीक. तुमच्या हाती चिठ्ठी असती तर रोह्यात उभं राहून देशमुखांच्या नावाला नाही म्हणाला असतात काय?" सभा हसली. आम्ही हसलो नाही. आम्ही त्यांना सांगितले ते इथेही सांगतो. आम्ही पहिली पसंती गिरींना लिहिली असती, कामगारांचा पुढारी म्हणून आणि बँकांच्या बाजूचा म्हणून. दुसरी पसंती देशमुखांना लिहिली असती. गृहस्थांचे समाधान झाले नाही. "म्हणजे दुसरी तरी दिलीत," असे म्हणून ते खाली बसले. त्यांना आम्ही तेव्हा सांगितले नाही, पण मोजणीचा नियम असा आहे की पहिल्या पसंतीचा उमेदवार शेवटपर्यंत टिकला तर त्या चिठ्ठीवरची दुसरी पसंती कोणी पाहतच नाही. गिरी टिकले. देशमुखांचे नाव आमच्या चिठ्ठीवर तसेच राहिले असते, न वाचलेले.